खाजकुइलीच्या बियांनी कंपवाताच्या गोळ्या सुटतात? फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

खाजकुइलीच्या बियांवरचा एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून पुढे ढकलला जातो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "कंपवाताच्या गोळीत जे औषध असते तेच कवचबीजात नैसर्गिक रूपात असते. कच्च्या बियांचे चूर्ण दोन-दोन चमचे सकाळ-संध्याकाळ कोमट दुधातून घ्या आणि गोळ्या बंद करा. लंडनमध्ये हे सिद्ध झाले आहे. वनस्पती आहे, त्यामुळे दुष्परिणाम शून्य. बियांची उसळही करा, पण शिजवलेले पाणी फेकू नका, सगळे सत्त्व त्यातच असते. पुरुषांना तीन दिवसांत गुण येतो. शेंगेवरची लव गुळातून दिली की मुलांचे जंत पडतात."

यातले पहिले वाक्य खरे आहे. आणि ते खरे आहे म्हणूनच पुढचा सल्ला घातक आहे.

खाजकुइली, कुहिली, कवच, कपिकच्छू, आत्मगुप्ता ही सगळी एकाच वेलीची नावे. शास्त्रीय नाव म्युकुना प्रुरिएन्स. कडधान्यांच्याच कुळातली ही वेल. त्रिदल पाने, लोंबत्या जांभळ्या फुलांचे घोस, इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली शेंग आणि तिच्यावर सोनेरी-तपकिरी लव. बियांत लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताच्या गोळीतलेच औषध असते, साधारण वजनाच्या ३ ते ६ टक्के. हे रसायन या बियांतून वेगळे केल्याचे दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच प्रसिद्ध केले होते. कंपवाताच्या रुग्णांना लेव्होडोपा देऊन पाहिले गेले ते १९६१ मध्ये. म्हणजे परंपरेने ही बी ताकदीची मानली त्यात काहीच चूक नव्हती. चूक आहे ती औषधाला मसाल्यासारखे चमच्याने मोजण्यात.

"गोळ्या बंद करा, चूर्ण घ्या"

इथे आधी हिशेब करायला हवा. नुसते लेव्होडोपा पोटात गेले की त्याचा बहुतेक भाग मेंदूपर्यंत पोचण्याआधी रक्तात आणि आतड्यातच डोपामिनमध्ये, म्हणजे हालचालींसाठी मेंदूला लागणाऱ्या रसायनात, बदलतो. हे डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही. मळमळ आणि उलट्या मात्र करते. म्हणून गोळीत कार्बिडोपा किंवा बेन्सेराझाइड घातलेले असते, ते हा बदल वाटेत रोखते. त्यामुळे लेव्होडोपा सुमारे चौपट-पाचपट कमी लागते. बीच्या चूर्णात असे रोखणारे औषध पुरेशा, मोजलेल्या प्रमाणात नसते.

आता मेसेजमधले चमचे घ्या. चहाचा सपाट चमचा म्हणजे सुमारे ३ ग्रॅम चूर्ण. दिवसाचे चार चमचे म्हणजे १२ ग्रॅम. बियांत ५ टक्के लेव्होडोपा धरले तर ६०० मिलिग्रॅम.

रुग्णाने गोळ्या खरोखर बंद केल्या, तर या ६०० मिलिग्रॅमचा परिणाम १२० ते १५० मिलिग्रॅमच्या गोळीइतकाच होईल. लेव्होडोपा १०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रोज घेणाऱ्याचा डोस एकदम एक-तृतीयांशावर येईल. अंग आखडेल, गिळताना ठसका लागेल, तोल जाऊन पडणे होईल. डोस अचानक तुटला तर काहींना तीव्र ताप, लाकडासारखा ताठरपणा आणि भ्रम अशी अवस्था येते. तिच्यात जीव जाऊ शकतो. ती घरी सांभाळायची गोष्ट नव्हे.

रुग्णाने गोळ्या चालू ठेवून चूर्ण सुरू केले, तर उलटे होते. गोळीतले कार्बिडोपा चूर्णातल्या लेव्होडोपालाही वाचवते. मग ते ६०० मिलिग्रॅम जवळजवळ पूर्ण ताकदीने मेंदूत पोचते, म्हणजे सहा जादा गोळ्याच. हातापायांच्या अनावर वेड्यावाकड्या हालचाली, नसलेली माणसे दिसणे, उभे राहताच रक्तदाब उतरून चक्कर.

तेच चार चमचे एकाला अपुरे आणि दुसऱ्याला अतिरेकी, आणि दोघेही तोच मेसेज वाचून घेणारे. त्यात "चमचा" म्हणजे कोणता हेही मेसेज सांगत नाही. पोह्याचा चमचा धरला तर वरचे सगळे आकडे दुपटीच्याही पुढे जातात.

"लंडनमध्ये सिद्ध झाले आहे"

लंडनचा अभ्यास खरा आहे, २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात रुग्ण होते आठ. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी एकेकच मात्रा देऊन काही तास तपासले होते. वापरले ते प्रमाण ठरवलेले चूर्ण होते, कच्ची बी दळून केलेले नव्हे. ३० ग्रॅम चूर्णात सुमारे १००० मिलिग्रॅम लेव्होडोपा होते आणि तुलनेला २०० मिलिग्रॅम लेव्होडोपाची कार्बिडोपायुक्त मात्रा. हेही पाचास एकच प्रमाण. ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम गोळीपेक्षा लवकर सुरू झाला, जास्त वेळ टिकला, आणि अनावर हालचाली वाढल्या नाहीत. निष्कर्ष आशादायक आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र एका मात्रेचा अभ्यास रोजच्या उपचाराबद्दल काही सिद्ध करत नाही.

रोज घेतल्यावर काय होते ते बोलिव्हियात पाहिले गेले. गोळ्या न परवडणाऱ्या रुग्णांसाठी भाजलेल्या बियांचे चूर्ण तिथे वापरून पाहिले. एकेका मात्रेचे निकाल २०१७ मध्ये आले आणि चांगले होते. पुढे काही आठवडे सलग दिल्यावर १४ पैकी ७ जणांना चूर्ण सोडावे लागले. मुख्य कारणे पोटाचा त्रास आणि हालचाली पुन्हा बिघडणे. मेसेज लिहिणाऱ्याने पहिला अभ्यास घेतला आणि दुसरा सोडला.

"वनस्पती आहे, दुष्परिणाम शून्य"

रेणू गोळीतून आला की बीतून, हे शरीर पाहत नाही. ज्यांना लेव्होडोपा चालत नाही त्यांना कवचबीजही चालत नाही. सायकोसिस किंवा स्किझोफ्रेनियाचा इतिहास असेल तर भास आणि संशय उफाळून येऊ शकतात. मानसिक आजाराच्या बऱ्याच गोळ्या डोपामिन अडवतात. तिथे दोन औषधे एकमेकांशी भांडतात. नैराश्याच्या जुन्या प्रकारच्या, म्हणजे मोनोअमाइन ऑक्सिडेझ या विकराचे दोन्ही प्रकार रोखणाऱ्या गोळ्यांसोबत रक्तदाब एकाएकी धोकादायक चढतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उभे राहताच चक्कर येऊ शकते. लोहाची गोळी सोबत घेतली तर लेव्होडोपा लोहाला चिकटून कमी शोषले जाते. बंद कोनाच्या काचबिंदूतही ते टाळतात.

बाळंतिणीला "ताकदीसाठी" ही पूड देणे तर दुप्पट चूक. डोपामिनमुळे प्रोलॅक्टिन घटते आणि प्रोलॅक्टिन घटले की अंगावरचे दूध कमी होते.

"कोमट दुधातून"

लेव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायला ते जी वाट वापरते, तीच वाट प्रथिने पचून तयार झालेली अमिनो आम्लेही वापरतात. दुधासोबत घेतले की वाटेत गर्दी होते, औषध उशिरा आणि कमी पोचते. म्हणूनच कंपवाताची गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर एक-दीड तासाने घ्यायला सांगतात. कवचबीज दुधातून घेण्याची परंपरा खरी आहे, पण ती बल्य (ताकद देणारे) आणि वाजीकरण (कामशक्ती वाढवणारे) म्हणून. ती उचलून कंपवाताला चिकटवली की औषधाचा भरवसाच जातो.

"कच्च्या बियांचे चूर्ण"

परंपरेचे नाव घेणाऱ्या मेसेजने परंपरेतली मुख्य पायरीच गाळली आहे: शोधन. बिया सैल पुरचुंडीत बांधून दुधात बुडतील अशा टांगायच्या आणि मंद आचेवर सुमारे तीन तास उकळायच्या. साल फुटून सुटायला लागली की काढायच्या, साल आणि आतला अंकुर टाकून द्यायचा, गरम पाण्याने धुवायच्या, पूर्ण वाळवायच्या आणि मग चूर्ण. ते दूध वापरायचे नाही. अर्धवट वाळलेली बी दळली तर चूर्ण गोळा होते, बुरशी धरते. हवा आणि ओल लागली की लेव्होडोपाचे ऑक्सिडीकरण होऊन चूर्ण काळवंडते. तसले चूर्ण टाकून द्यावे. शोधित चूर्णाची नेहमीची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम, तीही वैद्याने प्रकृती आणि चालू औषधे पाहून ठरवलेली. मेसेजमधली मात्रा याच्या दुप्पट आहे, आणि बी कच्ची.

बी काळी की पांढरी यावरून ताकद ठरवतात, तेही चुकीचे. जात, जमीन, हवामान आणि शेंगेची पक्वता यांनुसार लेव्होडोपाचे प्रमाण बदलते. रंगावरून ते कळत नाही.

"उसळ करा, पाणी फेकू नका"

सगळ्या मेसेजमधला सर्वांत वाईट सल्ला हा. ही बी अन्न म्हणून खाता येते ती केवळ पाणी फेकले जाते म्हणून. १९८९ मध्ये मोझांबिकमध्ये नाम्पुला भागात टंचाईच्या दिवसांत हीच बी खाल्ली गेली आणि नेहमीसारखे उकळून पाणी टाकणे झाले नाही. डोकेदुखी, छातीत धडधड, भ्रम, भास अशी तीव्र मनोविकाराची साथच पसरली. ज्या समाजांत ही बी पिढ्यान्‌पिढ्या खातात त्यांची रीत नेमकी उलट आहे. दक्षिण भारतातले काणिक्कार आदिवासी ती अनेकदा उकळून प्रत्येक वेळी पाणी ओततात. इंडोनेशियात जावा बेटावर हिचे टेम्पे होते: बिया उकळून, पाणी बदलत दोन-तीन दिवस भिजवून, सोलून, वाफवून मग आंबवतात.

यामागचे कारण साधे आहे. कडधान्यातले ट्रिप्सिनरोधक आणि लेक्टिन हे पचनाला त्रास देणारे घटक उष्णतेने निकामी होतात, लेव्होडोपा मात्र बऱ्याच अंशी टिकते. ते जाते पाण्यात विरघळून. म्हणून "नीट शिजली" आणि "सुरक्षित झाली" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुकरच्या बंद डब्यात मोजक्या पाण्यात शिट्ट्या काढल्या तर बी लोण्यासारखी मऊ होते, आणि लेव्होडोपा डब्यातच राहते.

खायचीच असेल तर लागवडीची, बिनखाजेची जात घ्यावी. पाव किलो बियांसाठी रीत अशी:

बिया एक लिटर पाण्यात रात्रभर, निदान १२ तास भिजवा. ते पाणी टाका. साल काढा आणि प्रत्येक बीचे दोन-चार तुकडे करा. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून वगळली जाते, पण सारे काही हिच्यावर अवलंबून आहे. अख्ख्या बीतून लेव्होडोपा फार सावकाश बाहेर येते. तुकडे दीड लिटर पाण्यात उघड्या पातेल्यात अर्धा तास उकळा, पाणी ओता, तुकडे धुवा. नवे पाणी घालून पुन्हा तेच. निदान तीन पाणी, आणि तिसरेही गडद निघाले तर चौथे, पाचवे. पाणी काळपट होते कारण लेव्होडोपाचे हवेत मेलॅनिनसारखे काळे द्रव्य बनते. शेवटी ताज्या पाण्यात मऊ शिजवून फोडणी द्या.

पहिल्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर काम लवकर होते, मात्र त्याने थायामिन (ब१ जीवनसत्त्व) नष्ट होते आणि तुकड्यांचा लगदा होतो. पाणी फिकट निघणे ही खूण आहे, खात्री नव्हे. खाण्यायोग्य बीत लेव्होडोपा ०.१ टक्क्याच्या खाली असावे असे सर्वसाधारण मानतात, आणि ते स्वयंपाकघरात मोजता येत नाही. म्हणून वाटीभरच खावी, रोज नको. कंपवाताचे रुग्ण, गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आणि मानसिक आजाराची औषधे घेणारे यांनी ती खाऊच नये.

"पुरुषांना तीन दिवसांत गुण"

शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात. वंध्यत्व असलेल्या पुरुषांवरच्या भारतीय अभ्यासात रोज ५ ग्रॅम चूर्ण तीन महिने दिले होते. शुक्राणूंची संख्या आणि टेस्टोस्टेरॉन वाढल्याचे त्यात दिसले. नुसते दूध दिलेला तुलनेचा गट त्यात नव्हता. तीन दिवसांचा आकडा कुठून आला ते मेसेज सांगत नाही.

"लव गुळातून दिली की जंत पडतात"

हा प्रयोग जुना आहे. अठराव्या शतकात युरोपातही शेंगेची लव पाकात किंवा मधात कालवून जंतांवर देत. कुसांनी जंत टोचले जातात अशी समजूत होती. आज एका अल्बेंडाझोलच्या गोळीने जे काम होते, त्यासाठी लहान मुलाच्या घशाजवळ ही कुसे नेण्याचे काहीच कारण उरलेले नाही. ती ओठाला, घशाला लागली किंवा ठसक्याबरोबर श्वासात गेली तर सूज येऊन श्वास अडू शकतो.

शेंगा तोडतानाही हीच लव त्रास देते. तिच्यातले म्युकुनेन हे प्रथिने तोडणारे विकर त्वचेतल्या खाजेच्या तंतूंना थेट चेतवते. ही खाज हिस्टामिनवर अवलंबून नसते, म्हणून अंगावर पित्त उठल्यावर घेतो त्या ॲलर्जीच्या गोळीने फारसा आराम पडत नाही. लव लागली की चोळू नका आणि खाजवू नका, कुसे आणखी आत जातात. आधी चिकटपट्टी हलकेच दाबून उचला, दर वेळी नवा तुकडा घ्या. मग साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. कपडे वेगळे भिजवा. शेंगा वाऱ्याच्या दिवशी तोडू नयेत. त्या ओल्या करून, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून काढाव्यात. लव डोळ्यात गेली तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा आणि डोळा न चोळता थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा.