ताट वेगळे ठेवल्याने पांढरी कावीळ अडत नाही

गेल्या आठवड्यात माझा पुतण्या जामिनावर सुटून यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतला आणि त्याच संध्याकाळी वहिनींनी, म्हणजे त्याच्या सख्ख्या आईने, त्याचे ताट आणि गिलास वेगळे काढून ठेवले. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणारा संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचला होता: जेलातून आलेल्या प्रत्येकाला पांढरी कावीळ असते, ती उष्ट्या भांड्यांतून घरभर पसरते, डॉक्टरांकडे तिच्यावर औषध नाही, ती माळेनेच उतरते.

‘प्रत्येकाला’ हा शब्द खोटा आहे. कैद्यांमध्ये हिपॅटायटीस बी आणि सी, म्हणजे विषाणूंमुळे होणारे यकृताचे दोन आजार, बाहेरच्यापेक्षा अधिक आढळतात, एवढे मात्र मान्य करावे लागते. ‘द लॅन्सेट’मधील २०१६ च्या अभ्यासानुसार जगभरातील कैद्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांना हिपॅटायटीस सी आणि सुमारे ५ टक्क्यांना जुनाट हिपॅटायटीस बी, म्हणजे आपली पांढरी कावीळ, असावी. म्हणजेच बहुसंख्यांना यांपैकी काहीही नसते.

सर्वांत घातक मुद्दा भांड्यांचा आहे. दूषित पाण्याने होणारी कावीळ ए आणि ई विषाणूंची. बी आणि सी रक्तातून पसरतात, म्हणजे एकच ब्लेड अनेकांना वापरल्याने, गोंदण्याच्या किंवा नशेच्या सामायिक सुईने, आणि बी तर शरीरसंबंधातून व बाळंतपणात आईकडून बाळालाही. एका ताटात जेवल्याने, एका माठातले पाणी प्यायल्याने किंवा मुलाला जवळ घेतल्याने त्या होत नाहीत. ज्यांना खरोखर काळजी आहे, त्यांनी दाढीचे ब्लेड वेगळे ठेवावे आणि घरच्यांनी बी ची लस घ्यावी. ताटाला हात लावण्याचे कारण नाही.

माळेविषयी थोडक्यात. पाण्याची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. पण जुनाट बी किंवा सी मध्ये डोळे पिवळे नसतानाही यकृत वर्षानुवर्षे खराब होत राहते, आणि माळ गळ्यात घालून बसलेला माणूस तपासणीची वेळ गमावतो.

औषध नाही, हेही चूक. हिपॅटायटीस सी साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो आणि बी औषधांनी आटोक्यात राहतो. २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

सोमवारी मी पुतण्याला जिल्हा रुग्णालयात नेणार आहे. अहवाल काहीही येवो, त्याचे ताट आजपासूनच सर्वांच्या पंगतीत मांडा, असे मी वहिनींना सांगितले आहे.