ध्यान द्यावे

निबंधाला १० पैकी ४ गुण दिले, म्हणून आज सकाळी सहावीतल्या एका मुलाचे आजोबा वही घेऊन थेट घरी आले. पहिला चहासुद्धा झाला नव्हता माझा.

विषय ‘माझे आजोबा’. पोरानं लिहिलं होतं, ‘आजोबा मला मोठा माणूस बनवण्याची चेष्टा करतात. त्यांना शिक्षा फार आवडते. बाबांना आणि आत्याला त्यांनी उच्च शिक्षा दिली.’ मी लाल रेघा ओढल्या आणि खाली शेरा मारला, ‘हिंदी शब्द नकोत. पुढच्या वेळी ध्यान द्यावे.’

आजोबांचा जन्म हिशेब तपासण्यात गेलेला. चष्मा पुसला, खिशातून पेन्सिल काढली. “भाषा दोन, विचार दोन, अक्षर एक. पाच होतात, ताई.”

(मुलं मला ताईच म्हणतात. ‘बाई’ म्हणायला लावून पाहिलं होतं. पण ग्वाल्हेरात बाई म्हणजे धुणीभांडीवाली. एकानं घरी ‘हमारी बाई मराठी पढ़ाती है’ सांगितलं, तर त्याच्या आईनं मला पगार विचारला. पगार कसला! खडूसुद्धा माझे.)

पाचच होत होते.

“आता चेष्टा. संस्कृतात चेष्टा म्हणजे काय?”

“हालचाल. प्रयत्न. पण मराठीत...”

“कुठली मराठी? दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे छावणी टाकली, तेव्हापासून आम्ही या लष्कर भागात मराठी बोलतोय. तुम्ही कुठल्या?”

“पुण्याची. लग्न होऊन आले. बारा वर्षं झाली.”

“म्हणजे प्रोबेशनवर. अहो, तांबे आमचे राजकवी होते. पुण्याला आहे का राजकवी?”

पुण्याला राजाच नाही, हे सुचलं ते आजोबा गेल्यावर.

सहा दिवस शाळा हिंदी-इंग्रजी, घरी ‘पानी आण’, आणि रविवारच्या दीड तासात मी यांची मराठी धुऊन द्यायची. गणेशोत्सवात कविता म्हणताना पोर अडखळलं की नाव माझं. त्याच निबंधात ‘आजोबा गावाला गेले की घर खाली होतं’ असंही वाक्य होतं. वर्गातलं सगळ्यात चांगलं वाक्य. त्यावरही मी रेघ ओढली होती. ते मात्र आजोबांनी वाचलंच नाही. त्यांची पेन्सिल माझ्या शेऱ्यावर थांबली होती.

“‘ध्यान द्यावे’? मराठीत ‘लक्ष’ म्हणतात ना?”

मी गप्प.

“ध्यान म्हणजे बावळट. काय ध्यान आहे, म्हणतो ना आपण?” वही मिटून ते उठले. “तर ते दर रविवारी देतोच आहे तुम्हाला. सकाळी दहाला.”

मी ४ चे ५ केले.