‘नेव्हीतला जावई म्हणजे सहा महिने घरी, पगार करमुक्त’: या मेसेजात काय काय चुकलंय

लग्नसराई जवळ आली की वधूवर ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. सातारा-सांगलीपासून सिंधुदुर्गापर्यंत शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच: नेव्हीतला मुलगा बघा. सहा महिने समुद्रावर, सहा महिने घरी. पगाराला टॅक्स नाही. फ्लॅट फुकट, कँटीनमध्ये सगळं निम्म्या किमतीत, दवाखाना फुकट. बायकोला जहाजावर जगभर फिरता येतं, नाहीतर रोज व्हिडिओ कॉल आहेच. आर्मीसारखी जिवाची भीती नाही. आणि वर जन्मभर पेन्शन.

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य कुणा ना कुणाबाबत थोडंफार खरं आहे. गोची एवढीच की ती सगळी एकाच माणसाबाबत खरी असू शकत नाहीत. लिहिणाऱ्याने भारतीय नौदल आणि मर्चंट नेव्ही एका पातेल्यात टाकून ढवळलंय. एकात सरकारी नोकरी, दुसऱ्यात कंपनीचा करार; स्थळ बघायला बसलेल्यांना हा फरक कळायलाच हवा.

‘पगार करमुक्त, बायको जहाजावर’

ही दोन्ही वाक्यं मर्चंट नेव्हीतून आली आहेत. व्यापारी जहाजावरचा माणूस काही महिन्यांचा करार करतो, करार संपला की उतरतो. आर्थिक वर्षात त्याचा भारतातला मुक्काम 182 दिवसांपेक्षा कमी भरला तर तो अनिवासी ठरतो आणि परदेशी फेऱ्यांच्या पगारावर इथे कर लागत नाही. हे दिवस मोजतात ते सीडीसीवरच्या, म्हणजे खलाशाच्या सेवापुस्तिकेवरच्या, जहाजावर चढल्या-उतरल्याच्या तारखांवरून. फेरी परदेशी बंदराची असावी लागते. मुंबई-कोची-चेन्नई अशी किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी नव्हे. त्यामुळे मर्चंट नेव्हीतही ‘टॅक्स नाही’ हे दरवर्षी नव्याने सिद्ध करावं लागतं. काही कंपन्या वरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यांना पत्नीला सोबत न्यायची परवानगी देतात, हेही खरं. पण बऱ्याच करारांत दोन फेऱ्यांच्या मधल्या काळाचा पगार नसतो, आणि सरकारी पेन्शन तर नाहीच.

नौदलातल्या माणसाचं उलट. भारतीय नागरिकाला सरकारने दिलेला पगार भारतातलाच धरला जातो, मग जहाज एडनच्या आखातात असो की कारवारला. फॉर्म 16 येतो, टीडीएस कापला जातो. आणि युद्धनौकेवर कुटुंब राहत नाही. फार तर एखाद्या ‘डे ॲट सी’ला बायकामुलांना सकाळी चढवतात, फिरवून आणतात, संध्याकाळी उतरवतात.

‘सहा महिने घरी’

नौदलात असा हप्ता बांधून दिलेला नाही. काही वर्षं जहाजावर, काही किनाऱ्यावर, आणि जहाजावरच्या वर्षांतही जहाज कधी सेलिंगला, कधी बंदरात, कधी लांबलचक रिफिटमध्ये, म्हणजे मोठ्या दुरुस्तीत. रिफिटमध्ये माणूस महिनोन्‌महिने संध्याकाळी घरी येतो. बंदरातल्या जहाजावर मात्र दर काही दिवसांनी ड्युटी असते, तेव्हा रात्र तिथेच. म्हणजे नवरा कुलाब्याला आणि बायको मानखुर्दच्या क्वार्टरमध्ये असली तरी तो घरी असेलच असं नाही.

शिवाय ठरलेला कार्यक्रम मोडतो. मे 2020 मध्ये मालदीवमध्ये अडकलेल्या भारतीयांना आणायला ‘जलाश्व’ आणि ‘मगर’ या नौका निघाल्या, तेव्हा कुणाच्या सुट्ट्या ठरल्या होत्या हे विचारायला कुणी थांबलं नाही. 2023 च्या अखेरीस अरबी समुद्रात जहाजांवर हल्ले आणि चाचेगिरी वाढल्यावर नौदलाच्या नौका मोठ्या संख्येने तिकडे गेल्या. मार्च 2024 मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ या जहाजावरचे 35 चाचे पकडून मुंबईला आणले. ती बातमी सगळ्यांनी वाचली. त्या तैनातीत ज्यांच्या घरची बारशी-मुंजी पुढे गेल्या, त्यांची बातमी होत नसते.

‘रोज व्हिडिओ कॉल’

मेसेजमधलं हे सगळ्यात महाग पडणारं वाक्य. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते, ही झाली साधी गोष्ट. त्यावर कडी म्हणजे डिसेंबर 2019 मध्ये हेरगिरीची प्रकरणं उघड झाल्यावर नौदलाने जहाजांवर, तळांवर आणि डॉकयार्डात स्मार्टफोनला बंदी घातली. ‘आज निघाले, अमुक तारखेला परत’ असं घरच्यांनी स्टेटसला ठेवणंही याच कारणासाठी चालत नाही. सासूबाईंना हे दोनदा सांगावं लागतं.

एक वेळ बोलणं नाही झालं तरी निभतं. घर अडतं ते ओटीपीवर. खातं नवऱ्याचं, आधारला नंबर नवऱ्याचा, गॅस, वीजबिल, फास्टॅग सगळं त्याच्याच नंबरवर, आणि तो फोन बंद. म्हणून जहाज सुटायच्या आधी पुढची कामं उरकायची.

बँकेत संयुक्त खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ या पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कुणालाही एकट्याने चालवता येईल असं हवं. त्यावर बायकोचं स्वतःचं डेबिट कार्ड, स्वतःचं नेट बँकिंग आणि स्वतःचा नंबर. नवऱ्याचं सिम घरच्या फोनमध्ये घालून त्याचे ओटीपी वापरायचे ही सर्रास चालणारी पद्धत आहे, पण बँकेच्या नियमांत ती बसत नाही आणि फसवणूक झाली तर बँक हात वर करते. तरीही ते सिम चालू ठेवावंच लागतं, कारण सलग 90 दिवस वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो. रिचार्ज करा आणि अधूनमधून एखादा फोन लावा.

प्राप्तिकराचं विवरणपत्र तो असतानाच भरा. नुसतं भरून भागत नाही, 30 दिवसांच्या आत त्याची पडताळणी व्हावी लागते. आधारचा ओटीपी मिळणार नसेल तर तो किनाऱ्यावर असतानाच नेट बँकिंगमधून त्याच्याकडून ती करून घ्यावी, किंवा त्याची सही घेऊन पावती बेंगळुरूला पोस्टाने पाठवावी. मुदत उलटली की पडताळणीची तारीख हीच भरल्याची तारीख धरतात आणि विलंब शुल्क मागे लागतं.

मुखत्यारपत्राबाबत तर बहुतेक जण नोटरीवर थांबतात. सोसायटीची, वीज कंपनीची किरकोळ कामं त्यावर होतात. फ्लॅटचा करार नोंदवायचा असेल तर मात्र नोटरीचं मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाकडे उपयोगाचं नाही. नवऱ्याच्या वतीने सही करून दस्त सादर करायचा, तर मुखत्यारपत्र निबंधक कार्यालयातच प्रमाणित झालेलं लागतं, आणि त्यासाठी तो समोर असावा लागतो. गृहकर्ज देणारी बँक बहुधा स्वतःचा मसुदा पुढे करते, तो आधी मागून घ्या. मुलाचा पासपोर्ट काढायचा असेल तर दोन्ही पालकांच्या सहीचं ‘ॲनेक्शर डी’ लागतं, तेही सही करून घरात ठेवता येतं.

आणि एका कागदावर त्याचा सर्व्हिस नंबर, हुद्दा, जहाजाचं नाव, तळावरचा फोन आणि त्याच्या डिव्हिजनल ऑफिसरचं, म्हणजे त्याच्या तुकडीची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचं, नाव लिहून कपाटात लावा. घरी काही झालं तर निरोप याच वाटेने जहाजापर्यंत जातो. ‘माझा नवरा नेव्हीत आहे’ एवढ्यावर तळावरचा माणूस काही करू शकत नाही.

‘फुकट फ्लॅट, अर्ध्या किमतीत कँटीन, फुकट दवाखाना’

क्वार्टर मिळाली की घरभाडे भत्ता थांबतो आणि लायसन्स फी, म्हणजे सरकारी घराचं नाममात्र भाडं, कापली जाते. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यापासून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या 30 टक्के झाला, म्हणजे ‘फुकट’ फ्लॅटची किंमत तेवढी. ती मिळायलाही प्रतीक्षायादी असते. तोवर बाहेर भाड्याने राहायचं, आणि एवढा भत्ता कुलाब्याच्या आसपास पुरत नाही. सोडताना एमईएसची, म्हणजे क्वार्टरांची देखभाल करणाऱ्या सैनिकी अभियंता सेवेची, माणसं पंखे, नळ, काचा मोजतात आणि मोडतोडीचं ‘बॅरॅक डॅमेज’ वसूल करतात. आत शिरतानाच फोटो काढून यादीवर सही घ्या, नाहीतर आधीच्या कुटुंबाने फोडलेलं वॉशबेसिन तुमच्या पगारातून जातं.

कँटीनचं निम्म्याचं गणित जीएसटीवरून आलं असावं: तिथे जीएसटीचा निम्मा भार कमी होतो, वस्तूची किंमत निम्मी होत नाही. कार्डाला महिन्याची मर्यादा असते, दारूचा कोटा वेगळा आणि हुद्द्याप्रमाणे. तो माल बाहेर विकणं नियमबाह्य आहे. गावाकडच्या पाहुण्यांना हे कितीही वाईट वाटलं तरी.

दवाखान्याची सोय मात्र खरोखर चांगली आहे. कुलाब्याचं ‘अश्विनी’, गोव्याचं ‘जीवन्ती’, कारवारचं ‘पतंजली’, लोणावळ्याचं ‘कस्तुरी’ ही नौदलाची रुग्णालयं. पुणे, खडकी, देवळालीला लष्कराची आहेत. पण सून सासरी चिपळूणला राहत असेल तर यातलं काहीच हाताशी नाही. तातडीने खासगीत दाखल करावं लागलं तर जवळच्या सैनिकी रुग्णालयाला लगेच कळवून ठेवायचं, तरच बिलाचा विषय पुढे सरकतो. सासू-सासरे अवलंबित ठरतात ते ठरलेल्या उत्पन्नमर्यादेतच.

‘जिवाची भीती नाही’

यावर फार लिहायची गरज नाही. ‘खुकरी’ ही युद्धनौका 9 डिसेंबर 1971 ला बुडाली, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिकांसह. ते युद्ध होतं म्हणाल, तर ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत 14 ऑगस्ट 2013 ला स्फोट होऊन 18 जण गेले, आणि ती मुंबईच्या गोदीत बांधलेली होती. जानेवारी 2022 मध्ये ‘रणवीर’ या युद्धनौकेवर मुंबईतच तिघे गेले. दारूगोळा, इंधन, बॅटऱ्या आणि माणसं एका पोलादी पेटीत राहतात. शत्रू समोर असावाच लागत नाही.

‘जन्मभर पेन्शन’

हे खरं, अटींसह. नौसैनिकाला पेन्शनसाठी 15 वर्षं सेवा लागते, अधिकाऱ्याला 20. अठराव्या वर्षी भरती झालेला मुलगा 15 वर्षांनी बाहेर पडला तर 33 चा असतो: पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास, मुलं प्राथमिक शाळेत, घराचे हप्ते चालू. दुसरी नोकरी धरावीच लागते. त्यात बदल्यांमुळे बायकोची नोकरी दर दोन-तीन वर्षांनी तुटलेली असते. तीही केंद्र सरकारच्या सेवेत असेल तर पती-पत्नीला एका ठिकाणी ठेवण्याचं धोरण आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला विशाखापट्टणमला बदली मिळत नाही.

2022 पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांचं चित्रच निराळं. चार वर्षं, पेन्शन नाही, पुढे कायम होणार ते जास्तीत जास्त 25 टक्के. आणि त्या चार वर्षांत लग्न करायला मनाई. तेव्हा सेवेतल्या अग्निवीराचं स्थळ ‘यंदाच उरकू’ म्हणून आलं असेल, तर तिथेच थांबून चौकशी करा.

राहिली पत्नीला मिळणारी कुटुंब पेन्शन. तिचा पाया लग्नानंतरच्या एका कागदात असतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र देऊन लग्नाचा जेनफॉर्म, म्हणजे सेवानोंदीत बदल करणारा नौदलाचा कागद, निघाला, की बायकोचं नाव सेवानोंदीत चढतं. तो निघाला नाही तर नौदलाच्या लेखी नवरा अविवाहितच. भविष्यनिर्वाह निधी आणि गटविमा यांचं नामांकनही वेगळं बदलावं लागतं, नाहीतर तिथे आईचं किंवा भावाचं नाव तसंच राहतं.

आपल्याकडे यात एक खास घोळ होतो. लग्नात नाव बदललेलं, सेवानोंदीत सासरचं नाव, आधारवर माहेरचं, दहावीच्या दाखल्यावर तिसरंच, जन्मतारखेतही फरक. नवरा सेवेत आहे तोवर कुणी विचारत नाही. पेन्शनच्या वेळी हीच फाइल महिनोन्‌महिने अडते. नाव बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या आणि आधार, पॅन, बँक, सेवानोंद या चारही ठिकाणी तेच लावा. बदलायचं नसेल तर जेनफॉर्मवरही माहेरचंच नाव घाला, त्याला कुठलीही आडकाठी नाही.