कन्सोल.लॉग असताना लॉगलेव्हल कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लॉगलेव्हल ही जावास्क्रिप्टची छोटी लायब्ररी. ॲप चालताना लिहिल्या जाणाऱ्या नोंदींना (लॉग) ती डीबग, वॉर्न, एरर अशा पातळ्या म्हणजे लेव्हल देते, आणि कोणत्या पातळीपासूनच्या नोंदी दिसाव्यात ते ठरवू देते. कन्सोल.लॉग ही ब्राउझरच्या कन्सोलमध्ये नोंद छापणारी साधी आज्ञा. लॉगलेव्हलवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन आहेत. सेटिंग दिलं की टर्सर (कोड आकसून लहान करणारं साधन) प्रॉडक्शन बिल्डमधून, म्हणजे गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या तयार कोडमधून, कन्सोल.लॉग काढून टाकतोच, तर लायब्ररी कशाला? लेव्हल हव्याच असतील तर पाच ओळींचं फंक्शन आपणच लिहावं. आणि प्रत्येक नवी डिपेंडन्सी (बाहेरून घेतलेला कोड) ही नवी जोखीम.

तिसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या भांडारातल्या 'डीबग' पॅकेजमध्ये घातक कोड घुसवला गेला, आणि तीही लॉगिंगचीच छोटीशी लायब्ररी. लॉगलेव्हल निवडताना मी म्हणूनच आधी पाहिलं की तिला स्वतःची एकही डिपेंडन्सी नाही आणि जीझिपने दाबून लहान केल्यावर ती दीड केबीच्या आत बसते. एवढा कोड तासाभरात वाचून होतो. तुम्हीही वाचा, असं मी आग्रहाने सांगेन.

टर्सरच्या मुद्द्यावर मात्र माझं मत ठाम आहे, कारण मी त्यात पोळलोय. एका दुकानदाराच्या बिलात मधूनच एखाद्या वस्तूची रक्कम शून्य यायची. माझ्याकडे ते एकदाही घडेना. त्यांच्या मशीनवर कन्सोल उघडला तर कोरा, कारण सगळे लॉग मीच बिल्डमध्ये काढून टाकलेले. मग लॉग घालून नवं बिल्ड चढवा, वाट पाहा, पुन्हा दुसरीकडे लॉग घाला. चार दिवस गेले. शेवटी कळलं, दुकानदार वस्तूंचे दर एक्सेलमधून चिकटवत होते, '१,२००' असे, स्वल्पविरामासकट. नंबर फंक्शन त्यावर नॅन ('हा आकडा नाही') देत होतं आणि माझं 'नाहीतर शून्य' ते गिळून टाकत होतं. एक डीबगची ओळ जागेवर असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

लॉगलेव्हलमध्ये त्या ओळी कोडमध्येच राहतात. डीफॉल्ट लेव्हल वॉर्न असल्यामुळे एरवी त्या गप्प असतात. गिऱ्हाइकाचा फोन आला की लोकलस्टोरेजमधल्या (ब्राउझरमधली साइटची साठवणीची जागा) 'loglevel' या कीमध्ये 'DEBUG' असं मोठ्या अक्षरांत लिहायला सांगायचं, पान रीलोड करायला सांगायचं, बस. (ओळी राहतात म्हणजे त्या कुणीही पाहू शकतो. पासवर्ड, टोकन, मोबाइल नंबर कोणत्याच लेव्हलला छापू नका.)

आता तुमचं पाच ओळींचं फंक्शन. तसं मीही बरीच वर्षं वापरलं. त्यात कन्सोलला हाक मारणारी ओळ फंक्शनच्या आत असते, म्हणून कन्सोलच्या उजव्या कडेला प्रत्येक लॉगपुढे लॉगरच्याच फाइलचं नाव दिसतं. ब्राउझरच्या इग्नोर लिस्टने (दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी) ते टाळता येतं, पण ती पुन्हा वेगळी मांडणी करावी लागते. लॉगलेव्हल कन्सोलचं मूळ फंक्शनच बाइंड करून (मध्ये दुसरं फंक्शन न घालता) हातात देतं आणि लेव्हलखालच्या मेथडच्या जागी रिकामं फंक्शन ठेवतं. त्यामुळे ओळ क्रमांक खरा येतो. मात्र वेळ किंवा मॉड्यूलचं नाव पुढे जोडायला मेथडफॅक्टरीत (लॉगलेव्हलच्या मेथड बनवणाऱ्या फंक्शनमध्ये) मूळ फंक्शनभोवती नेहमीचं रॅपर लिहिलंत, की हा फायदा गेलाच. मी म्हणून तिला हात लावत नाही, गेटलॉगरने वेगवेगळ्या नावांचे लॉगर करतो.

तुमच्या प्रतिक्रियेमुळे लेख पुन्हा वाचला तेव्हा त्यात एक खरी चूक सापडली. मी ॲपच्या सुरुवातीला लेव्हल ठरवायला सेटलेव्हल वापरा असं लिहिलं होतं. सेटलेव्हल दिलेली लेव्हल ब्राउझरमध्ये साठवून ठेवतं, म्हणजे प्रत्येक रीलोडला ते गिऱ्हाइकाने ठेवलेलं 'डीबग' पुसून टाकणार आणि वर सांगितलेली सगळी सोयच संपणार. तिथे सेटडीफॉल्टलेव्हल हवं. आधी साठवलेली लेव्हल असेल तर ते तिला धक्का लावत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

आणखी एक मर्यादा लिहायची राहिली होती: लेव्हल बंद असली तरी कंसातल्या आर्ग्युमेंटचं मूल्य आधी काढलं जातंच. लॉग.डीबगच्या कंसात मोठ्या ऑब्जेक्टचं जेसन.स्ट्रिंगिफाय केलंत (त्याचा मजकूर बनवलात) तर तो वेळ जाणारच. तिथे आधी गेटलेव्हल तपासा.

नोड सर्व्हरसाठी मी हे सुचवत नाही. तिथे ओळीओळीने जेसन लिहिणारी पिनो ही लॉगिंग लायब्ररी बरी. आणि दोनशे ओळींची स्क्रिप्ट असेल तर तुमचं कन्सोल.लॉग खुशाल राहू द्या.

तुमच्या फंक्शनमध्ये चालू ॲपची लेव्हल बाहेरून बदलायची काही सोय केली असेल तर ती कशी, ते जरूर लिहा. मला ते पाहायचंय.