फाइलच्या नावातच तारीख हवी

कामांची यादी ठेवणाऱ्या ॲप्सवरचा तुमचा लेख छान आहे, पण त्यात फाइलींच्या नावांचा मुद्दा राहिला. आमच्याकडे, कर सल्लागाराच्या ऑफिसात, मार्चअखेरीस एकाच ताळेबंदाच्या ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल साहेब’ अशा फाइली डेस्कटॉपवर असायच्या आणि क्लायंट फोनवर ताटकळत. आता प्रत्येक नाव तारखेनेच सुरू होतं, तेही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२५-०३-२८. आयएसओ ८६०१ या १९८८ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकातला हाच क्रम. कॉम्प्युटर नावं डावीकडून वाचून लावतो, त्यामुळे फाइली आपोआप तारखेनुसार लागतात. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी टाकला, की १ एप्रिलच्या खाली थेट १ मे येतो आणि २ एप्रिल कुठल्या कुठे. महिना नुसता ‘३’ नको, ‘०३’च लिहा.

आणखी एक. विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोज बटण आणि व्ही एकत्र दाबून क्लिपबोर्ड हिस्टरी चालू करा. कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे मिळतात, जीएसटी नंबर पुन्हा पुन्हा शोधायला नको. मात्र कॉपी केलेले पासवर्डही तिथे राहतात, त्यामुळे ऑफिसच्या सामायिक कॉम्प्युटरवरून उठताना ती यादी पुसायला विसरू नका.