सहा महिने झाले म्हणजे गुडघा तयार झाला असं नसतं

काल संध्याकाळी आमच्या बॅडमिंटन ग्रुपमधला सतरा वर्षांचा मुलगा किट बॅग घेऊन कोर्टवर हजर. एसीएलचं, म्हणजे गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड धरून ठेवणाऱ्या लिगामेंटचं, ऑपरेशन होऊन साडेपाच महिने झालेत त्याच्या. "ताई, आता काहीच दुखत नाही, जिनेपण पटापट चढतो, पुढच्या महिन्यात टुर्नामेंट आहे ना, आजपासून हळूहळू सुरू करतो." मागे त्याचे बाबा उभे, तेही म्हणाले डॉक्टरांनी सहा महिने सांगितलेत, पंधरा दिवसांनी असा काय फरक पडतो. मला रात्रभर ते डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. मोठी पोस्ट आहे, पण ज्यांच्या घरात असा गुडघा आहे त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

माझा गुडघा चार वर्षांपूर्वी गेला. बॅकहँडच्या मागच्या कोपऱ्यात शटल आलं, ओव्हरहेड मारायला मागे झुकून उडी घेतली आणि डाव्या पायावर एकटीच्या वजनाने उतरले, गुडघा आतल्या बाजूला वळला आणि टक् असा आवाज आला. कोणी धक्का दिला नाही, कोणी आडवं आलं नाही. बहुतेक एसीएल असेच तुटतात, उतरताना नाहीतर झटक्यात वळताना. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण डिस्चार्जच्या कागदावर खेळाबद्दल एकच ओळ होती, सहा महिन्यांनी खेळ सुरू करता येईल. कुठला खेळ, किती, आणि काय बघून ठरवायचं, काही नाही. मी ती तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवली होती!

आता हे नीट समजून घ्या, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. तुटलेला लिगामेंट बहुतेक वेळा शिवत नाहीत, आपल्याच मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा नाहीतर वाटीखालच्या टेंडनचा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्याचा) तुकडा काढून, हाडात बोगदे पाडून तिथे बसवतात, त्यालाच ग्राफ्ट म्हणतात. म्हणजे तो टेंडन असतो, त्याचा लिगामेंट व्हायचा असतो. त्याच्या जुन्या पेशी मरतात, नवा रक्तपुरवठा येतो, शरीर त्याला आतून परत विणतं, आणि हे चालू असताना तो बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर होतो. पूर्ण पिकायला वर्ष, कधी दोन वर्षं लागतात. आणि हे सगळं चालू असताना बाहेरून गुडघा मस्त वाटत असतो, सूज नाही, दुखणं नाही. म्हणून "दुखत नाही" या वाक्याची मला भीती वाटते. ग्राफ्ट अजून कच्चा आहे हे सांगायला दुखणं येत नाही.

माझी फिजिओ हुशार होती म्हणून मी वाचले. सहा महिने झाले त्या आठवड्यात मी रॅकेटला नवीन ग्रिप लावून तिच्याकडे गेले, म्हटलं आता परवानगी द्या. तिने जमिनीवर मेजरिंग टेप चिकटवली आणि एका पायावर उडी मारून त्याच पायावर स्थिर उतरायला सांगितलं. बरा पाय 148 सेंटीमीटर. ऑपरेशनचा पाय 109, आणि उतरताना गुडघा परत आत जात होता, अगदी त्या दिवशी गेला तसाच. तिने व्हिडिओ स्लो करून दाखवला. मी तिथे रडले.

म्हणजे बऱ्या पायाच्या 74 टक्के. साधारण 90 च्या वर लागतात, तेही फक्त एका उडीत नाही तर वेगवेगळ्या चार-पाच टेस्टमध्ये, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची, क्वाड्सची ताकद मशीनवर वेगळी मोजून, कारण उडी नुसती कमरेच्या आणि घोट्याच्या जोरावर पण मारता येते आणि गुडघा लपून राहतो. शिवाय इतके महिने बसून बरा पायही ढिला पडलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी तुलना केली तरी आकडा जरा फुगतोच.

2016 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर आणि नॉर्वेतल्या ऑस्लोच्या संशोधकांनी मिळून केलेला एक अभ्यास आला. छोटाच आहे, शंभरेक लोकांचा, पण मी तो सगळ्यांना सांगत फिरते. उड्या आणि वळणं असलेल्या खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं पुढे ढकललं तितका दर महिन्याला परत इजा व्हायचा धोका साधारण निम्मा होत गेला. आणि ज्यांनी सगळ्या टेस्ट पास केल्या त्यांच्यात परत इजा 5.6 टक्के, पास न होता खेळायला गेले त्यांच्यात 38.2 टक्के. हे वाचल्यावर पंधरा दिवसांनी काय फरक पडतो हे कसं म्हणायचं?

आणि मुलांचं तर जास्तच. पंचविशीच्या आत असून परत खेळात उतरणाऱ्यांमध्ये जवळपास चारातल्या एकाचा एसीएल दुसऱ्यांदा तुटतो, कधी तोच, कधी दुसऱ्या पायाचा. दुसरं ऑपरेशन पहिल्यासारखं नसतं हो, ग्राफ्ट नव्या जागेतून घ्यायचा, बोगदे परत, कुबड्या परत. क्रिकेटपटू ऋषभ पंतचा गुडघा ज्यात गेला तो अपघात 30 डिसेंबर 2022 चा, मैदानात आला मार्च 2024 मध्ये. स्पेनची फुटबॉलपटू अलेक्सिया पुतेयासचा एसीएल जुलै 2022 मध्ये गेला, खेळली एप्रिल 2023 च्या शेवटी. दिमतीला अख्खी टीम असलेल्या लोकांना एवढा वेळ लागतो आणि आपण कॉलेज सांभाळून व्यायाम करणाऱ्या पोराला सहा महिन्यात उभं करतो.

माझे ते पुढचे पाच महिने कंटाळवाणे गेले, खरंच. एका पायाचं लेग प्रेस, एका पायावर खुर्चीतून उठणं, बॉक्सवरून उतरून आरशात गुडघा बघणं, परत तेच. आणि ताकद आली तरी डोकं तयार नव्हतं, मागच्या कोपऱ्यात शटल गेलं की पाय आपोआप थांबायचा. हीसुद्धा मोजायची गोष्ट आहे, त्यासाठी बारा प्रश्नांची एक प्रश्नावली असते, फिजिओला विचारा. आधी नुसतं शॅडो फुटवर्क, म्हणजे शटलशिवाय पावलांचा सराव, मग एका कोपऱ्यातून फीडिंग, मग अर्धं कोर्ट, मग डबल्स, दर वेळी दुसऱ्या दिवशी सूज आली का बघून पुढची पायरी. पहिली पूर्ण सिंगल्स मॅच साडेअकरा महिन्यांनी.

काल त्या मुलाला मी उड्या मारायला लावलं नाही, ते माझं काम नाही. त्याच्या बाबांना बाजूला घेतलं, म्हटलं दादा, त्याच्या क्वाड्सची टेस्ट कधी झाली? ते म्हणाले, म्हणजे कुठली टेस्ट? सोमवारी मी दोघांना माझ्या फिजिओकडे घेऊन जातेय. मुलगा चिडलाय माझ्यावर, चिडू दे. बॅग मात्र त्याने बंदच ठेवली आणि जाईपर्यंत बेंचवर बसून आमचा स्कोअर मोजत होता.