रेडा खडेबाजारातच राहणार

‘जुना वाचक’ यांस,

गेल्या आठवड्यात मी टेरी प्रॅचेट या इंग्रज विनोदी कादंबरीकाराच्या मृत्यूवर लिहिलं (त्याच्या मरणावर नव्हे, त्याच्या कादंबऱ्यांतल्या मृत्यू नावाच्या पात्रावर). त्यावरची आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. आपलं म्हणणं असं : साल चुकलंय, त्या लेखात मी यमाचा रेडा बेळगावच्या खडेबाजारच्या ट्रॅफिकमध्ये अडकवला हा परदेशी वळणाचा पोरकटपणा आहे, मृत्यूच पात्र असेल तर रहस्यकथेत रहस्य उरत नाही आणि शेवटी, ‘ज्यांनी मरण जवळून पाहिलेलं नसतं त्यांनाच असले विनोद सुचतात.’

सालाचं आधी मिटवू. ‘रीपर मॅन’ १९९१चं, ‘हॉगफादर’ १९९६चं. माझ्याकडून उलटसुलट झालं, दुरुस्त केलंय, आभार. पण ‘निदान गूगल तरी करायचं’ हे ज्या सुरात लिहिलंत, त्या सुरात आमचे मास्तरही बोलत नसत, आणि त्यांच्या हातात छडी असायची.

आता ते शेवटचं वाक्य.

माझे वडील शहापूरच्या घरात माझ्या मांडीवर गेले. चालेल का एवढं जवळ? तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला पान ठेवलं, तर कावळा शिवेना. तासभर भिंतीवर बसून नुसता बघतोय. थोरले काका हात जोडून म्हणाले, ‘पोरांचं सगळं मी बघतो.’ नाही. आत्याचे यजमान म्हणाले, ‘धाकटीचं लग्न यंदाच करतो.’ तरी नाही. मग वडिलांच्या बरोबरीचे एक जुने कार्यकर्ते पुढं झाले आणि घसा साफ करून म्हणाले, ‘बेळगाव महाराष्ट्रात जाणार, काळजी सोडा.’ कावळा उडूनच गेला! (महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्यालाही अंदाज असणार.) सुतकातली माणसं तोंडाला टॉवेल लावून हसत होती. शेवटी घरून आईचा फोन आला, ‘कुंदा ठेवा की!’ बेळगावची ही दुधाची मिठाई वडिलांना मधुमेहामुळं अकरा वर्षं बंद होती. भाच्यानं मोटारसायकलवरून कुंदा आणला. तपकिरी, रवाळ, अजून कोमट. भाताच्या मुदीवर गोळा ठेवून आम्ही चार पावलं मागं सरतोय तोवर कावळा येऊन घेऊनही गेला.

पुढं मृत्यूच्या दाखल्यावर कन्नडात वडिलांचं नाव चुकलं. ‘मयत इसम व माझे वडील एकच’ असं मला स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं लागलं. टेबलावरचे साहेब कागद उलटून पालटून म्हणाले, ‘यावर त्यांची स्वतःची सही मिळाली तर बरं होईल.’ सांगा, यात प्रॅचेटनं काय केलं?

आपण दुःखी माणसांच्या वतीनं बोलता. मला विचारलं होतंत का? आईला विचारलंत? ती आजही कावळ्याची गोष्ट येईल त्याला सांगते, आणि सांगताना रडतेही. दोन्ही एका वेळी होतं हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी जवळ-लांबचं माप काढू नये. स्पष्ट लिहितो, राग आला तर येऊ दे.

परदेशी वळण म्हणाल, तर द्रोणपर्व उघडा. तिथं मृत्यू ही बाई आहे. ब्रह्मदेव तिला प्राण घ्यायचं काम देतो आणि ती ‘हे मला नको’ म्हणून रडत बसते. तिच्या अश्रूंचे पुढं रोग होतात. आणि स्मशानाचं एवढं गांभीर्य असेल, तर ६ डिसेंबर २०१४ला सतीश जारकीहोळींनी कर्नाटकात मंत्री असताना बेळगावातल्या सदाशिवनगरच्या स्मशानात रात्र काढली, तेव्हा तुमची प्रतिक्रिया कुठं वाचल्याचं आठवत नाही.

(हो, आता ‘आपण’चं ‘तुम्ही’ झालं. राहू दे.)

रहस्याचा मुद्दा राहिला. प्रॅचेटच्या मृत्यूला कोण जाणार हे ठाऊक असतं, पण भानगड काय आहे ते शोधत ‘हॉगफादर’मध्ये त्याच्या नातीला, सुझनला, फिरावं लागतं. तो वेगळा विषय आहे, पुन्हा कधीतरी. प्रॅचेटचा मृत्यू सगळं कॅपिटल अक्षरांत बोलतो. देवनागरीत कॅपिटल कुठून आणायचं, हे विचारलं असतंत तर मीच तुम्हाला पावशेर कुंदा पाठवला असता.

मूळ लेखात सालाची दुरुस्ती झाली आहे. रेडा आहे तिथंच आहे, खडेबाजारात. गणपती जवळ आलेत, तो आता तसाही हलत नाही.